‘सॉफ्टवेअर बदललं’ हे उत्तर नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या एका ए-३२० विमानाबद्दल रॉयटर्सची बातमी आली होती. युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये लीप-१ए जातीच्या इंजिनांतले काही सील आणि काही फिरते भाग बदलायला सांगितले होते. या विमानाच्या इंजिनात ते मुदतीत बदलले गेले नाहीत आणि वर नोंदींमध्ये फेरफार करून काम वेळेत झाल्याचं दाखवलं गेलं, असा ठपका डीजीसीएनं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकानं, त्याआधी मार्चमध्येच कंपनीवर ठेवला होता. कंपनीनं चूक मान्य केली. कारण दिलं ते असं, की देखभालीच्या नोंदी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना ठरलेली तारीख नजरेतून सुटली. भाग नंतर बदलले, काही अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, विषय संपला.

बातमी जुनी झाली, कबूल. पण तिच्यावर आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपात जे ऐकलं ते अजून डोक्यातून जात नाही. “अहो, सॉफ्टवेअरचा घोळ होता, कोणी मुद्दाम थोडंच केलं?” असं म्हणणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, म्हणजे नोंदींचं महत्त्व कळणारे. त्यांनाच असं वाटत असेल तर बाकीच्यांचं काय? माझी सगळी नोकरी मुंबईतल्या एका इंजिन शॉपच्या (विमानांची इंजिनं उघडून दुरुस्त करण्याच्या कारखान्याच्या) टेक्निकल रेकॉर्ड्स विभागात गेली, म्हणून हा पत्रप्रपंच. नोंदींत फेरफार केला की नाही, हा भाग चौकशी करणाऱ्यांचा. मला बोलायचं आहे ते ‘सॉफ्टवेअर बदललं’ या कारणाबद्दल.

जेट इंजिनात हजारो भाग असतात, पण त्यातल्या मोजक्या भागांना ठरलेलं आयुष्य असतं. पंख्याची डिस्क, कॉम्प्रेसरचे स्पूल, टर्बाइनच्या डिस्क, शाफ्ट. सीएफएम-५६ हे प्रवासी विमानांत सर्रास दिसणारं इंजिन, त्यात असे वीसेक भाग निघतात. हे भाग तुटले तर इंजिनाचं कवच त्यांना आत अडवू शकत नाही, म्हणून ते तुटायच्या कितीतरी आधी काढून टाकायचे असतात. आयुष्य मोजायचं ते वर्षांत नाही, सायकलींत. एक उड्डाण आणि एक उतरणं म्हणजे एक सायकल. त्यामुळे मुंबई-गोवा तासाभराचं उड्डाण आणि मुंबई-लंडन नऊ-दहा तासांचं उड्डाण, दोन्हीला हिशेब एकच. सीएफएम-५६-७बी मध्ये पंख्याकडच्या भागांना साधारण ३०,००० सायकली, मधल्या गरम भागांना २०,०००, मागच्या टर्बाइनला २५,००० असा ढोबळ नियम. भागावर एक नंबर कोरलेला असतो आणि तो भाग जन्मल्यापासून कोणत्या इंजिनात किती सायकली फिरला, कुठे दुरुस्त झाला, कोणी सही केली, याची साखळी त्या नंबराला बांधलेली असते.

आपल्याकडच्या भाषेत हा त्या भागाचा सातबारा. आधीचा मालक कोण, फेरफार कधी झाला, बोजा काय आहे, सगळं त्यावर. मधली एक नोंद गहाळ झाली तर डिस्क दिसायला कितीही ठणठणीत असो, लाखो रुपयांचा तो भाग भंगारात जातो. कारण तो किती फिरलाय हे धातूकडे बघून कोणालाही सांगता येत नाही. शॉपमधला भारीतला भारी इन्स्पेक्टरसुद्धा सांगू शकत नाही.

त्यात आणखी एक खुबी आहे, जी बाहेरच्यांना माहीत नसते. एकच इंजिन वेगवेगळ्या ताकदीला लावता येतं. कमी ताकदीवर फिरलं तर डिस्कला जास्त सायकली मिळतात, जास्त ताकदीवर कमी. भाग आधी एका ताकदीवर काही हजार सायकली फिरला आणि नंतर दुसऱ्या ताकदीवर, तर दोन्हीकडे त्याच्या मर्यादेचा कितवा हिस्सा संपला ते काढून बेरीज करायची. बेरीज एकच्या आत हवी. म्हणजे नुसता एकूण आकडा पुरत नाही, तो आकडा कुठे-कुठे कमावला हेही लागतं. हे लक्षात असू द्या, पुढे काम पडेल.

आता शॉपमध्ये चुका कशा होतात ते सांगते.

इंजिन आत आलं की उघडतात. आम्ही ‘स्ट्रिप’ म्हणायचो. एकेक मॉड्यूल सुटं होतं आणि प्रत्येक भागाला टॅग लागतो: इंजिनाचा नंबर, पार्ट नंबर, सिरियल नंबर. मग भाग धुवायला जातो. धुणं म्हणजे रसायनांच्या टाक्यांत बुडवणं, त्यात कागदाचा टॅग टिकत नाही. म्हणून तो काढून बाजूला ठेवायचा, भाग टोपलीत घालायचा आणि बाहेर आल्यावर टॅग परत बांधायचा. एका वेळी एकाच जातीची दोन इंजिनं उघडलेली असली की त्याच पार्ट नंबरचे दोन भाग एकाच टाकीपाशी येतात. दिसायला हुबेहूब. तिथे टॅगांची अदलाबदल व्हायला अर्धं मिनिट पुरतं.

आमच्याकडे एकदा असंच झालं. टर्बाइनच्या पुढच्या सीलचे दोन भाग, दोन वेगळ्या इंजिनांचे. एकाचं बरंच आयुष्य शिल्लक, दुसऱ्याचं काही शे सायकलींचं, म्हणजे ते या खेपेला बदलायचंच होतं. टॅग उलटे बांधले गेले. पुढे तडे शोधायची फ्लुरोसंट तपासणी झाली, मापं झाली, दोन्ही भाग पास. पास होणारच, दोघांतही तडा नव्हता. कागद चोख, सह्या चोख, संगणकावर हिरवं. थकलेला भाग चांगल्याच्या कागदावर चालत जोडणीच्या रॅकपर्यंत आला. तिथे आमचे एक जुने इन्स्पेक्टर उभे होते. त्यांना एक खोड होती. टॅगकडे न बघता ते भाग दिव्याखाली तिरका धरायचे, भिंगातून काठावरचा कोरलेला नंबर वाचायचे, आपल्या वहीत लिहायचे आणि मग टॅग उलटून बघायचे. नव्या मुलांना त्यांचा कंटाळा यायचा. त्या दिवशी त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, कागद काहीही म्हणू दे, लोखंड वेगळं बोलतंय.” (ते लोखंड नसतं, निकेलचा मिश्रधातू असतो, पण शॉपमध्ये सगळंच लोखंड.)

नंबर वाचणं हेही वाटतं तितकं सोपं नाही. हजारो सायकली तापून-थंड होऊन काठ काळवंडलेला असतो. ३ आणि ८, ५ आणि ६, बी आणि ८, ओ आणि शून्य. आमच्या विभागात नंबर मोठ्यानं वाचताना ‘डबल’ हा शब्द काढायला बंदी होती. ‘डबल फाइव्ह थ्री’ ऐकणाऱ्यानं ‘फाइव्ह थ्री’ लिहिलं की संपलं. एकेक आकडा सुटा म्हणायचा, दुसऱ्यानं लिहायचा, तिसऱ्यानं वाचून दाखवायचा. हसायचे लोक आम्हाला. “रेकॉर्ड्समध्ये टाकलं” ही आमच्याकडे शिक्षेची बदली समजली जायची, ती का हे मला अजून कळलेलं नाही.

एका नंबराच्या गोंधळाचं सर्वांत मोठं उदाहरण भारतातलं नाही, अमेरिकेतलं आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१० विमान, उड्डाण क्रमांक २३२, आयोवा राज्यात सू सिटीला कोसळत उतरलं. २९६ पैकी ११२ माणसं गेली. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची डिस्क हवेत फुटली होती आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा कापल्या होत्या. डिस्कचे तुकडे मक्याच्या शेतात सापडले तेही जवळजवळ तीन महिन्यांनी. तिची मर्यादा होती १८,००० सायकली, आणि ती फिरली होती साडेपंधरा हजार. म्हणजे मोजणीत चूक नव्हती. टायटॅनियम वितळवतानाच आत एक कठीण, ठिसूळ डाग राहून गेला होता, तिथून तडा वाढत गेला, आणि आदल्या वर्षीच्या तपासणीत तो पकडला गेला नाही.

मग नोंदींचा प्रश्न कुठे येतो? तपास करणाऱ्यांना कळायला हवं होतं, की त्याच वितळीतून घडवलेल्या बहिणी-डिस्क आणखी कोणत्या आणि त्या आज कोणत्या विमानांत फिरताहेत. त्यासाठी कारखान्याचे १९७० च्या दशकातले कागद काढले. डिस्कचा नंबर होता एमपीओ ००३८५. तर त्या कागदांत याच नंबराच्या दोन डिस्क निघाल्या! त्यातली एक अल्ट्रासोनिक तपासणीत दोषाची खूण दिसली म्हणून बाजूला काढल्याची नोंद होती. दोन्हींचा माग स्वच्छपणे लागेना. शेवटी एनटीएसबीनं, म्हणजे अमेरिकेतल्या अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेनं, आपल्या अहवालात स्पष्ट लिहिलं, की निर्मात्याचे कागद आणि ते सांभाळण्याची पद्धत फिरत्या भागांचा अचूक माग लावायला पुरेशी नव्हती. ज्या डिस्कनं ११२ माणसं मारली, तिचा जन्मदाखलासुद्धा निर्विवाद नव्हता. आणि तो नंबर बघा: ओ अक्षर, लगेच दोन शून्यं. आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी भिंग बदलून दोनदा वाचला असता.

दुसरं उदाहरण अलीकडचं. १७ एप्रिल २०१८, साउथवेस्ट एअरलाइन्स, उड्डाण १३८०, न्यूयॉर्कहून डॅलसला. डाव्या इंजिनाच्या पंख्याची २४ पाती, त्यातलं तेरा क्रमांकाचं मुळाशी तुटलं. इंजिनावरच्या बाहेरच्या आवरणाचे तुकडे उडून खिडकी फुटली आणि एक प्रवासी महिला दगावली. त्या पात्याच्या ३२ हजारांहून अधिक सायकली झाल्या होत्या. पण आधीच्या वर्षाची गोष्ट जास्त बोलकी आहे. २०१६ मध्ये त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानात असंच पातं तुटलं होतं, म्हणून एफएएनं, म्हणजे अमेरिकेच्या हवाई नियामकानं, २०१७ मध्ये पात्यांच्या अल्ट्रासोनिक तपासणीचा प्रस्ताव काढला. अंदाज होता सुमारे २२० इंजिनांचा. विमान कंपन्यांनी कळवलं, की आकडा याच्या कितीतरी पट होईल, कारण पाती दुरुस्तीला निघाली की परत त्याच इंजिनात जातात असं नाही, ती दुसऱ्यांत बसतात. मुदत वाढवून मागितली गेली. हुकूम निघण्याआधीच ते उड्डाण झालं. मग मात्र तीन दिवसांत तातडीचा आदेश: ३०,००० सायकली ओलांडलेल्या इंजिनांची पाती २० दिवसांत तपासा.

इंजिनाच्या नंबरावर हिशेब ठेवायचा आणि भाग मात्र इंजिन बदलत फिरतो, या एका विसंगतीत आमच्या धंद्यातल्या निम्म्या चुका सामावल्या आहेत. आज असे आदेश सर्रास सिरियल नंबरांच्या यादीवर निघतात. जुलै २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनी या इंजिन बनवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं, की काही वर्षं वापरलेल्या धातूच्या भुकटीत अशुद्धता होती, तेव्हा कोणत्या डिस्क आधी उतरवायच्या हे नंबरांवरूनच ठरलं. त्यापायी आपल्याकडे इंडिगोची डझनावारी विमानं जमिनीवर राहिली, ते प्रवाशांनी अनुभवलं आहे. यादीतला नंबर तुमच्या संगणकात चुकीचा पडला असेल तर तुमचं विमान जमिनीवर राहत नाही, उडत राहतं. त्या चुकीची तक्रार करायला कोणी येत नाही.

त्याच वर्षी लंडनच्या एओजी टेक्निक्स या व्यापाऱ्याची बनावट प्रमाणपत्रं उघडकीला आली. तो सरळ लबाडीचा मामला, त्यावर पुष्कळ लिहून आलं आहे. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: पोर्तुगालमधल्या देखभाल विभागात कोणाला तरी कागद खटकला आणि त्यानं तो उत्पादकाकडे पडताळणीला पाठवला, म्हणून हे सापडलं. ते सॉफ्टवेअरनं पकडलं नाही, वाचणाऱ्या माणसानं पकडलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नोंदी नेताना होतं काय? मी स्वतः हा सोहळा जवळून पाहिला आहे. जुना डेटा आधी एक्सेलच्या तक्त्यात उतरवतात. एक्सेल मोठं मदतीला धावणारं. सिरियल नंबराच्या सुरुवातीला शून्यं असली तर ती त्याला निरुपयोगी वाटतात, खाऊन टाकतं. नंबरात आकड्यांच्या मधोमध ‘ई’ अक्षर आलं तर त्याला ते विज्ञानातलं घातांक वाटतं आणि तो नंबर एक भलीमोठी संख्या होऊन बसतो. तारखेत दिवस आणि महिना उलटतात: तीन एप्रिल होतो चार मार्च, दोन्ही खऱ्याच तारखा, म्हणून कोणालाही शंका येत नाही. ‘नवीन असल्यापासूनच्या सायकली’ आणि ‘ओव्हरहॉलपासूनच्या सायकली’ हे दोन रकाने शेजारी-शेजारी असतात. आणि मघाशी सांगितलेला वेगवेगळ्या ताकदीचा हिशेब? जुन्या प्रणालीत तो शेऱ्याच्या रकान्यात कोणीतरी हातानं टाइप केलेला असतो. नव्या प्रणालीत शेऱ्याचा रकानाच नसतो. नुसता एकूण आकडा पुढे जातो, त्याची हकीगत मागे राहते.

हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवले तेव्हा काय झालं ते आपल्या वाचकांना सांगायला नको. नावं चुकली, क्षेत्र चुकलं, जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचे अर्ज घेऊन माणसं तहसील कार्यालयात खेटे घालत राहिली. पण तिथे निदान शेतकरी उतारा काढतो, वाचतो आणि भांडायला जातो. डिस्कच्या बाजूनं भांडणारा कोण? रेकॉर्ड्स विभागातली माणसं. आणि नोंदी हलवण्याचं काम मात्र बहुतेक ठिकाणी आयटीचा प्रकल्प म्हणून होतं, बाहेरून आणलेली कंत्राटी मुलं रात्रपाळीत भरतात, आणि सही होते ती ‘डेटा लोड यशस्वी’ एवढ्यावर. किती ओळी गेल्या, किती पोहोचल्या, दोन्ही आकडे जुळले की झालं. ओळीच्या आत काय आहे ते कोणी विचारत नाही.

इंजिनाचा एक बोल्ट बदलला तरी परवानाधारक माणसाची सही आणि स्टॅम्प लागतो. मग ज्या नोंदीवर त्या इंजिनाची सगळी मर्यादा अवलंबून आहे, ती नोंद एका घरातून दुसऱ्या घरात नेणं हे देखभालीचं काम का समजलं जात नाही? डीजीसीएनं हे स्पष्ट करायला हवं. आयुष्य ठरवून दिलेल्या प्रत्येक भागाची आणि नंबरावर लागू होणाऱ्या प्रत्येक आदेशाची नोंद मूळ कागदाशी दोन माणसांनी ताडून पाहावी, आणि त्यावर विमान उडण्यायोग्य आहे हे सांगायची ज्याची जबाबदारी आहे त्याची सही असावी, आयटीच्या व्यवस्थापकाची नव्हे. जुनी प्रणाली लगेच बंद करू नये. निदान काही महिने दोन्हींतून ‘येत्या काळात काय-काय बदलायचं’ याची यादी काढावी आणि समोरासमोर ठेवावी. ज्या दिवशी एक आयटेम एका यादीत आहे आणि दुसरीत नाही, त्या दिवशी तारीख सुटण्याआधीच कळेल. याला खर्च येतो, मला माहीत आहे. विमान भाड्यानं घेताना-देताना हीच तपासणी कंपन्या रात्रंदिवस माणसं बसवून करतात, कारण तिथे समोरचा पैसे कापतो.

आणि इंजिन शॉपमध्ये येईल तेव्हा कागद उघडण्याआधी धातूवरचा नंबर वाचून लिहावा. पुष्कळ शॉपमध्ये आता भागावर चौकोनी ठिपक्यांचा कोड असतो, स्कॅनर असतो, ते चांगलंच आहे. पण स्कॅनर टॅगवर धरला तर तो टॅगच वाचतो. तो भागावर धरायचा असतो, एवढं शिकवायला मोठं प्रशिक्षण लागत नाही.

राहता राहिला एअर इंडिया एक्स्प्रेसचा प्रश्न. एका विमानाची तारीख नोंदी हलवताना सुटली, असं कंपनी म्हणते. त्या वेळी नोंदी एकाच विमानाच्या हलवल्या नसणार. मग उरलेल्या विमानांच्या इंजिनांतले नंबर मूळ कागदांशी पुन्हा ताडून पाहिले का, कोणी पाहिले, आणि त्यात काय निघालं? डीजीसीएनं हे विचारलं असेल तर उत्तर जाहीर करावं, विचारलं नसेल तर आता विचारावं. आपल्या वार्ताहरानं पाठपुरावा केला तर कोणता कागद मागायचा हे सांगायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त टेक्निकल रेकॉर्ड्स अधिकारी,
डोंबिवली (पूर्व)

(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. जुने सहकारी अजून नोकरीत आहेत.)